सरांचा रोजमेळ

पोर जितकं लहान, तितकं त्याला शिकवणाऱ्यानं आधी जास्त शिकायचं, असा आपल्याकडं एक अलिखित कायदा आहे. तीन वर्षांच्या पोराला मणी ओवायला शिकवणाऱ्या बाईंनी माँटेसरीचा कोर्स केलेला असतो. चौथीच्या वर्गाला डी.एड. लागतं. त्याचं नाव आता लांबलं आहे, पण लागतं. आठवीला बी.एड. लागतं, त्यात पुन्हा पाठाचं टाचण काढायचं, पाठ घ्यायचा, आणि मागच्या बाकावर बसलेल्या निरीक्षकांनी ‘फळ्याचा वापर समाधानकारक’ असा शेरा मारायचा. मग ते पोर अठरा वर्षांचं होतं, त्याला मिसरूड फुटतं, त्याच्या शंका खऱ्या अर्थानं अवघड होतात, आणि नेमका तिथं त्याच्यापुढं जो माणूस उभा राहतो त्याला कुणी विचारलेलं नसतं, की बाबा रे, तुला शिकवता येतं का?

अगदीच विचारत नाहीत असं नाही. ‘नेट’ नावाची परीक्षा 1989 पासून आहे. तिच्या पहिल्या पेपरात अध्यापनाची अभियोग्यता तपासतात. पन्नास प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. म्हणजे शिकवता येतं की नाही, हे तिथं तोंड न उघडता सिद्ध करायचं. पोहण्याची परीक्षा घ्यायची आणि ती ‘पाणी हे (अ) ओले असते (ब) कोरडे असते’ अशी घ्यायची, त्यातला प्रकार. राहता राहिली पीएच.डी. तर ती खोलीचं दार लावून, एकट्यानं, शक्यतो कुणाला कळू न देता करायची गोष्ट आहे. तिच्यामुळं माणसाला पुष्कळ येतं. पण ते दुसऱ्याला देता येतं का, हा प्रश्न तोंडी परीक्षेतसुद्धा निघत नाही. तिथं बहुतेक वेळ चहा आणि अभिनंदन यांतच जातो.

आमची बँक नव्या पेठेत. आजूबाजूला सगळी कापडाची दुकानं. इथं दुकानात नवा पोरगा कामाला लागला, की पहिले काही महिने त्याला गिऱ्हाइकापुढं उभंच करत नाहीत. आधी घड्या घालायच्या. मग ठाण उलगडायचं. मग म्हातारा सेल्समन त्याला शेजारी बसवतो आणि एकच मंत्र देतो: साडीकडं बघू नको, बाईच्या डोळ्यांकडं बघ. साडी तुझ्या पाठ आहे. ती बाईला दिसली का, ते बघ. हे एवढं एक वाक्य आमच्या कॉलेजात कुणीतरी भिंतीवर लिहायला हवं होतं.

आमचे अकाउंटन्सीचे सर विद्वान होते. हे मी उपरोधानं म्हणत नाही; खरोखरच विद्वान होते, सुवर्णपदक मिळवलेले. पण त्यांची नजर तास सुरू झाला की वहीत जायची आणि घंटा झाली की वर यायची. वही पिवळी होती. ती त्यांनी नोकरीला लागल्या वर्षी काढलेली असावी, कारण तिच्या उदाहरणांतला व्यापारी नऊशे रुपयांत दुकान थाटायचा आणि वर्षाअखेर त्यातूनही शिल्लक टाकायचा. महागाई त्या वहीपर्यंत पोचलीच नव्हती. सर सांगायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. ज्ञान एका वहीतून दुसऱ्या वहीत जायचं, आणि जाताना मधल्या दोन्ही डोक्यांना तसदी द्यायचं नाही. दर पंधरा मिनिटांनी सर विचारायचे, “समजलं?” शंभर पोरं एका सुरात म्हणायची, “हो सर!” पुढं कळलं की ‘समजलं?’ हा प्रश्न नसतोच. ते विरामचिन्ह आहे. जिथं दुसरे लोक पूर्णविराम देतात तिथं प्राध्यापक ‘समजलं?’ देतात.

तेव्हा सोलापूरला विद्यापीठ नव्हतं. घाम सोलापूरचा आणि पदवी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची, असा आमचा मामला. पुढं 1 ऑगस्ट 2004 ला सोलापूर विद्यापीठ झालं, एकट्या सोलापूर जिल्ह्यापुरतं. 2019 मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. त्याआधी 2014 मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं होतं. हे नाव मला फार महत्त्वाचं वाटतं. 1848 साली मुलींना बाराखडी शिकवायला निघण्याआधी सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. समोर इनमिन मूठभर मुली, रस्त्यात अंगावर शेण टाकणारे लोक, आणि तरी बाईंना वाटलं, की मुलींपुढं उभं राहायचं तर शिकवायचं कसं ते शिकून उभं राहावं. त्यांच्या नावाच्या विद्यापीठात मात्र, किंवा दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात, शिकवायला उभं राहण्याआधी शिकवणं शिकण्याची सक्ती नाही. नाव मोठं झालं, की त्यातला तपशील गळून पडतो, तो असा.

या सगळ्याच्या मुळाशी एक समज आहे: ज्याला येतं, त्याला शिकवता येतंच. या समजाचा निकाल आमच्या घरात शेंगाचटणीनं लावला. आमच्या आईची शेंगाचटणी ज्यानं खाल्ली त्याला पुढं बाजारातली चालत नाही. लग्नानंतर सौ.नं मोठ्या आदरानं ती शिकवायची विनंती केली. आईनं हातचं न राखता शिकवलं. “शेंगदाणे बेताचे भाजायचे. तिखट अंदाजानं. मीठ चवीपुरतं. लसूण जरा. मग कुटायचं, आणि झालं असं वाटलं की थांबायचं.” या संपूर्ण व्याख्यानात एकही आकडा नाही. सौ.नं विचारलं, “पण झालं, हे कळायचं कसं?” आई म्हणाली, “अगं, कळतंच की!” झालं! इथं शिक्षण थांबलं. आईला खरंच कळत होतं. इतकं कळत होतं, की न कळणं म्हणजे काय असतं, ते ती विसरून गेली होती. मोठ्या विद्वानाची अडचण तंतोतंत हीच असते. त्याला विषय येत नाही म्हणून तो वाईट शिकवतो असं थोडंच आहे? आपल्याला तो एके काळी येत नव्हता, हे तो विसरलेला असतो.

हा सिद्धांत मी मोठ्या अभिमानानं आमच्या एका पेन्शनर सरांना ऐकवला. हे सर संस्कृतचे. दर नोव्हेंबरात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला बँकेत येतात. हयातीचा दाखला आता घरबसल्या मोबाइलवर देता येतो, पण सरांचं म्हणणं, जिवंत माणसानं जिवंत माणसापुढं जिवंत असल्याचं सांगावं, यंत्राला सांगू नये. सरांनी माझा सिद्धांत ऐकला आणि म्हणाले, “हे कालिदासानं लिहून ठेवलंय.” आपल्याला सुचलेली प्रत्येक गोष्ट कालिदासानं लिहून ठेवलेली असते, हा संस्कृतच्या माणसांशी मैत्री करण्यातला मोठाच तोटा आहे.

पण गोष्ट सुंदर आहे. ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात राजाच्या पदरी दोन नाट्याचार्य आहेत, गणदास आणि हरदत्त. श्रेष्ठ कोण, यावरून दोघांची जुंपते. निवाडा करायला एक विदुषी परिव्राजिका बसते. ती म्हणते, की कुणाच्या अंगात कला उत्तम असते, कुणाला ती दुसऱ्याच्या अंगी उतरवणं उत्तम जमतं. ज्याला दोन्ही साधतं त्याला शिक्षकांत पहिला मान द्यावा. मग परीक्षा कुणाची घ्यायची? आचार्यांची नव्हेच. त्यांच्या शिष्यांनी नाचून दाखवायचं! गणदासाची शिष्या मालविका नाचते आणि त्याची बाजू वर होते. हरदत्त आपला प्रयोग दाखवायला पुढं होतो, तोवर दुपारच्या जेवणाची वेळ होते आणि त्याचा कार्यक्रम पुढं ढकलला जातो. आपल्याकडचे सेमिनार नेमके कधीपासून असे चालतात, याचा याहून जुना पुरावा मला तरी माहीत नाही.

त्याच नाटकात असंही म्हटलंय, की ज्याची विद्या केवळ पोटापुरती, तो ज्ञानाचा दुकानदार. हे सांगताना सरांनी माझ्याकडं बघितलं. मी कॉमर्सचा पदवीधर, बसलोय नव्या पेठेत, भोवती सगळी दुकानं. या वाक्यात अपमान नेमका कुणाचा झाला, हे ठरवायला मला लंच टाइम पुरला नाही. शेवटी माझं मत असं झालं, की दुकानदारावर हा अन्याय आहे. नव्या पेठेतला दुकानदार गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तर रात्री झोपत नाही.

आता सरकारला हे काहीच कळलं नव्हतं असं म्हणणं पाप होईल. 1986 चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आलं आणि त्यापाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगानं देशभर ‘अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं’ काढली. प्राध्यापकांना शिकवणारी कॉलेजं! नव्यानं लागलेल्यांसाठी चार आठवड्यांचं ओरिएंटेशन, जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा रिफ्रेशर. 2015 मध्ये या कॉलेजांचं नाव ‘मानव संसाधन विकास केंद्र’ झालं. पाच वर्षांत दिल्लीतल्या मंत्रालयानंच ते नाव टाकून ‘शिक्षण मंत्रालय’ हे नाव घेतलं. केंद्रं बिचारी मोठ्या भावाचे कपडे घालून बसली होती, तशीच राहिली. मग 2023 मध्ये ती ‘मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रं’ झाली. आम्हा बँकवाल्यांना या नामांतराचं काही वाटत नाही. विलीनीकरणांत आमच्या पाट्या इतक्या वेळा बदलल्या आहेत, की जुने खातेदार अजूनही तिसऱ्याच बँकेच्या नावानं चेक मागतात. पाटी बदलली तरी खाते क्रमांक आत तोच आहे ना, एवढंच आम्ही बघतो.

या केंद्रांचा खाते क्रमांक मात्र पहिल्या दिवसापासून बढतीच्या खात्याला जोडलेला होता. इतके कोर्स झाले, की वरची श्रेणी. त्यामुळं प्राध्यापकमंडळी कोर्सला निघाली, ती ज्ञानाकडं निघाली की वेतनवाढीकडं, हे त्यांचं त्यांनाही सांगता येईना. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कॉमर्सचे एक प्राध्यापक राहतात. त्यांच्या वर्तुळात एके काळी चर्चा कोर्सच्या विषयाची व्हायची नाही, गावाची व्हायची. सोलापूरचा एप्रिल ज्यानं अंगावर घेतलाय त्याला गोव्याच्या रिफ्रेशरचं महत्त्व सांगायला नको. पुढं 2020 साली टाळेबंदी आली आणि सगळे कोर्स मोबाइलमध्ये शिरले. त्या उन्हाळ्यात वेबिनारांचा असा पाऊस पडला, की वहिनी भाजी निवडता निवडता सरांचा वेबिनार ‘अटेंड’ करत होत्या. शेवटी दहा प्रश्नांची उत्तरं टिकली की रंगीत प्रमाणपत्र घरपोच. ‘भाजी निवडून झाल्यावर मीच उत्तरं टिकली,’ असं वहिनी अजूनही अभिमानानं सांगतात. त्यांच्या मते त्या फाइलीतली सात प्रमाणपत्रं नैतिकदृष्ट्या त्यांची आहेत.

आता इथं आम्ही हसून मोकळं व्हायला हरकत नव्हती. बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात जेवणानंतरच्या तासाला आम्हीही काही फार वेगळे दिसत नाही. पण वरच्या मजल्यावरच्या सरांनी एकदा गच्चीवर एक गोष्ट सांगितली, आणि तेव्हापासून रिफ्रेशर या शब्दावर मला पूर्वीसारखं मनमोकळं हसता येत नाही.

सर म्हणाले, “तीन आठवड्यांचा रिफ्रेशर होता. दहाव्या दिवशी एक फार मोठे गृहस्थ आले. अर्थशास्त्रातलं काहीतरी गणिती प्रकरण सांगत होते. पाच मिनिटांत माझा धागा सुटला. शेजारी बघितलं, त्याचाही सुटला होता. आम्ही चाळीस प्राध्यापक, चाळीसांचेही सुटले असावेत. मग ते मध्येच थांबले आणि म्हणाले, ‘समजलं?’ आणि बँकवाले, मी मान हलवली हो! जोरात हलवली. वीस वर्षं मी तो प्रश्न विचारत होतो. त्याचं उत्तर कसं देतात, ते त्या दिवशी कळलं.”

एवढं बोलून सर गप्प बसले. मलाही काही विनोद सुचला नाही. अभ्यासक्रमपत्रिकेत त्या दिवसाच्या रकान्यात काय छापलं असेल, देव जाणे. पण तीन आठवड्यांतला खरा पाठ त्या अर्ध्या मिनिटात झाला होता, आणि तो व्याख्यात्यांच्या नकळत झाला होता. बाकावर परत बसल्याशिवाय बाक किती टणक असतो, ते आठवत नाही.

परत आल्यावर सरांनी एक साधी गोष्ट सुरू केली. तास संपायला तीन मिनिटं असताना पोरांनी एका चिठ्ठीवर लिहायचं: आज काय कळलं नाही. नाव लिहायचं नाही. ही युक्ती जगभरच्या प्राध्यापकांत जुनी आहे, पण आमच्या इमारतीत नवी होती. सर रोज संध्याकाळी पिशवीभर चिठ्ठ्या घेऊन यायचे. पहिले काही दिवस बहुतेक चिठ्ठ्यांवर ‘सर्व समजले’ असंच असायचं. खोटं बोलण्याची सवय एका दिवसात सुटत नाही. मग हळूहळू खऱ्या चिठ्ठ्या यायला लागल्या. एके दिवशी एक आली: ‘घसारा खर्चात धरला, हे कळलं. पण ते पैसे दिले कुणाला?’

तुम्ही कॉमर्सचे नसाल तर या प्रश्नाची ताकद तुमच्या लक्षात यायची नाही. भाडं खर्चात धरलं, तर पैसे घरमालकाला दिले. पगार खर्चात धरला, तर नोकराला दिले. घसारा म्हणजे यंत्राची झीज. तो खर्चात तर टाकला, नफा तर कमी झाला, मग पैसे गेले कुठं? कुणीतरी खाल्ले काय? मी बी.कॉम. झालो, बँकेत इतकी वर्षं ताळेबंद तपासले, घसारा सरळ रेषेनं काढला, घटत्या शिलकेनं काढला, पण असा उघडावाघडा प्रश्न आमच्या शंभरांत कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. पडला मात्र पन्नासांना तरी असणार.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही बाजूला ठेवली आणि यंत्रमागाचं उदाहरण घेतलं. सोलापुरात यंत्रमाग कुणाच्या तरी घरचा असतोच. माग आणला त्या दिवशी सगळे पैसे मोजले. पैसे त्याच दिवशी गेले. पण त्या एकाच वर्षाच्या नावावर सगळा खर्च टाकला तर ते वर्ष बिचारं बुडालं आणि पुढची नऊ वर्षं फुकटची श्रीमंत झाली. म्हणून दर वर्षानं आपापला वाटा कबूल करायचा. घसारा म्हणजे पहिल्या दिवशी गेलेल्या पैशांची हप्त्याहप्त्यानं दिलेली कबुली. मागच्या बाकावरची एक मुलगी तेव्हा एकदम हसली म्हणे. चिठ्ठीवर नाव नव्हतं, पण सर काय ते समजले. आता साडीकडं न बघता डोळ्यांकडं बघायची त्यांना सवय लागली होती.

त्या मुलीच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा तिची मराठीतून झाली, आणि बी.कॉम.चं पुस्तक इंग्रजीत. सोलापूरच्या वर्गात हे काही नवल नाही. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू अशा चार घरांतली पोरं एका बाकावर बसतात आणि पाचव्या भाषेत नापास होतात. आमच्या काउंटरवर हेच खातेदार. मी लागलो तेव्हा हेडकॅशियरनी मला पहिल्या आठवड्यात दोन वाक्यं घोकायला लावली: तेलुगूत ‘संतकम इक्कड’ आणि कन्नडात ‘इल्ली सही माडी’. दोन्हींचा अर्थ, सही इथं करा. व्याकरण वगैरे काही शिकवलं नाही. पण आज्जीबाईंची सही चुकीच्या जागी झाली तर फॉर्म कुणाचा फुकट जातो, ते शिकवलं. ओरिएंटेशन म्हणतात ते हेच असावं.

आणि हे दुखणं फक्त आपलं नाही, एवढाच काय तो दिलासा. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. विद्यार्थी त्यांच्यावर खूष; तिकडं विद्यार्थीही प्राध्यापकांना मार्क देतात आणि यांना चांगले मिळत. 1990 च्या सुमारास त्यांनी आपल्या वर्गाला बल म्हणजे काय याविषयी अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न घातले. मोठमोठी गणितं फटाफट सोडवणारी पोरं तिथं अडखळली. एकानं तर विचारलं, की उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला एरवी वाटतं तसं लिहू? हा प्रश्न हार्वर्डमध्ये विचारला गेला म्हणून त्याचा इतिहास झाला. आपल्याकडं विचारला असता तर पालकांना बोलावलं असतं. माझुर यांनी मग वर्गात एक प्रश्न टाकायचा आणि पोरांना म्हणायचं, शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून दे, अशी रीत पाडली आणि 1997 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ज्याला आत्ताच कळलंय, त्याला आपण कुठं ठेचकाळलो ते अजून आठवत असतं. म्हणून तो सरांपेक्षा बरा सांगतो. आमच्या वेळी शेजाऱ्याशी बोललं की वर्गाबाहेर जावं लागे. म्हणजे हार्वर्डची पद्धत आमच्याकडं आधीपासून होती, फक्त ती व्हरांड्यात चालायची.

आता मूळ प्रश्न. प्राध्यापकानं शिकवणं शिकावं, ही सोयीची गोष्ट आहे, की कर्तव्याची?

बँकेत संध्याकाळी रोजमेळ जुळवावा लागतो. दिवसभरात आले किती, गेले किती, उरले किती. नाही जुळलं तर कुणी घरी जात नाही. कमी पडले तर कॅशियरनं भरायचे. जास्त निघाले तर ते त्याचे नाहीत. वेगळ्या खात्यात जातात, मालक सापडेपर्यंत तिथंच राहतात. हा नियम कडक आहे, पण न्यायाचा आहे, कारण काउंटरच्या आत उभा आहे तो कॅशियर आणि बाहेर उभी आहे ती आज्जी. तिला नोटा मोजता येतीलच असं नाही. ज्याच्या हाती मोजण्याची विद्या, त्याच्या अंगावर तुटीची जबाबदारी.

कॉलेजात हा नियम बरोब्बर उलटा आहे. पोरगा चमकला, की ‘माझा विद्यार्थी’ म्हणून वाढावा सरांच्या खात्यावर जमा. पोरगा नापास झाला, की ‘त्याचं लक्षच नसतं’ म्हणून तूट पोराच्या नावे. बरं, त्या पोराला आपली तूट मोजताही येत नाही, कारण मोजायची विद्याच तर त्याला मिळायची राहिली आहे. आपल्याला काय मिळालं नाही हे न मिळालेल्याला कळत नाही. वाईट कापड दुकानात परत नेता येतं. वाईट तास कुठं परत करायचा? ज्याची तक्रारच उद्भवत नाही असं नुकसान करणाऱ्यानं स्वतःहून हिशेब ठेवला पाहिजे. मला वाटतं, नीतीची सुरुवातच तिथं होते. जिथं तक्रारपेटी असते तिथं नुसती शिस्त पुरते.

सरांची बाजूही ऐकली पाहिजे. जो खातेदार काउंटरवर आलाच नाही, त्याच्या तुटीला कॅशियर जबाबदार नाही. जो वर्गातच येत नाही त्याचं काय, हा त्यांचा सवाल रास्त आहे. वर्गात सव्वाशे पोरं. वरून जनगणना, निवडणूक, नॅकच्या फायली. आणि ज्यांना आपण सर म्हणतो त्यांतले कित्येक तासिका तत्त्वावर. तासाचे पैसे तासाला. सकाळी या कॉलेजात एक तास, मग स्कूटरला किक मारून दुसऱ्या कॉलेजात दुसरा. त्याला रिफ्रेशरची रजा कोण देणार? त्या दिवसांचे पैसे कोण देणार? त्याला ‘स्वतःचा विकास कर’ म्हणणं म्हणजे उपाशी माणसाला पचनाचे व्यायाम सांगणं. इथं तूट कॅशियरच्या खिशातून काढता येत नाही, कारण त्याला खिसाच शिवलेला नाही. ती संस्थेनं आणि सरकारनं भरायची.

पण ज्यांना खिसा आहे, त्यांनी काय करावं? मला एक गोष्ट फार अवघड वाटत नाही. आमच्या काउंटरमागं ऑडिटर येऊन बसतो. कापडाच्या दुकानात मालक गल्ल्यावरून सगळं बघत असतो. प्राध्यापकाचा वर्ग मात्र न्हाणीघरासारखा. एकदा कडी लागली, की आत कोण कसं गातं ते बाहेर कुणी विचारायचं नाही. वर्षातून दोनदा शेजारच्या विभागातल्या सरांना म्हणावं, या हो, मागच्या बाकावर बसा, आणि चहा पिताना खरं सांगा. याला केंद्र लागत नाही, मिशन लागत नाही, आणि प्रमाणपत्र तर अजिबात लागत नाही. बहुधा म्हणूनच कुणी करत नसावं.

आमचे पेन्शनर सर पुन्हा नोव्हेंबरात येतील, पेन हातात घेऊन, आपण जिवंत असल्याबद्दल सही करायला. मला वाटतं, प्रत्येक शिकवणाऱ्याकडून वर्षातून एकदा असाच एक हयातीचा दाखला घ्यावा. नोकरीत असल्याचा नव्हे. तो पगारपत्रकावरून कळतो. आपल्या आतला विद्यार्थी अजून हयात आहे, एवढाच. पुरावा म्हणून त्या वर्षात स्वतः विचारलेला एक खराखुरा प्रश्न जोडायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीपासून माहीत नव्हतं. फक्त हा दाखला मोबाइलवरून घ्यायचा नाही. मोबाइल हाती लागला, तर वहिनी भरून टाकतील.